लहान, फिकट रक्तपेशी आणि मुद्दाम थांबवलेले माग

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर पहिल्यांदा हिमोग्लोबिनवर जाते. तो आकडा ९ च्या आसपास दिसला की घरात बीट, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चर्चा सुरू होते आणि रिपोर्ट घडी करून फायलीत जातो. खालच्या ओळी सहसा कुणी वाचत नाही. तिथे एमसीव्ही ६८, एमसीएच २१ असे आकडे असतात, शेजारी ‘लो’ लिहिलेलं असतं आणि तळाशी पॅथॉलॉजिस्टचा शेरा असतो: ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’. एमसीव्ही म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान. ते साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असावं लागतं. एमसीएच म्हणजे एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे ते. हा आकडा २७ ते ३२ पिकोग्रॅम हवा. एककं विसरलात तरी चालेल. शेऱ्याचा अर्थ एवढाच, की पेशी लहान आहेत आणि फिकट आहेत.

का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: लोह कमी, म्हणून हिमोग्लोबिन कमी, म्हणून पेशी फिकट. हे खरं आहे, पण अर्धंच. हिमोग्लोबिनचे दोन भाग असतात. एक ‘हीम’, ज्याच्या मध्यभागी लोहाचा अणू बसतो. दुसरा ‘ग्लोबिन’ नावाचं प्रथिन. ग्लोबिन बनवायला लोह लागतच नाही. लोहाची कमतरता असलेल्या बाईची ग्लोबिनची जनुकं ठणठणीत असतात, अमिनो आम्लं मिळत असतात, प्रथिनं बनवणारी यंत्रणाही शाबूत असते. मग हीम तोकडं आणि ग्लोबिन मात्र ढीगभर, असा पसारा पेशीत का होत नाही? कारण हीम कमी पडतंय हे कळताच पेशी ग्लोबिन बनवणं स्वतःहून रोखते. ती जनुक बंद करत नाही, तयार संदेशही नष्ट करत नाही. फक्त शेवटच्या टप्प्यावर हात आखडता घेते.

वैद्यकाचं नोबेल लागोपाठ दोन वर्षं याच टप्प्याच्या आसपास घुटमळलं. २०२३ मध्ये ते एमआरएनए लशींमागच्या शोधाला मिळालं, २०२४ मध्ये मायक्रोआरएनएला. त्या बातम्या अनेकांच्या डोक्यावरून गेल्या असतील. रिपोर्टमधल्या एमसीव्हीचं बोट धरून गेलं, तर वाट बरीच सोपी होते.

## दहावीच्या पुस्तकाची उजळणी

पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो आणि त्यात प्रथिनं कशी बनवायची याची माहिती असते. एखादं प्रथिन हवं असेल तर त्या जनुकाची एक नक्कल काढली जाते. ही नक्कल म्हणजे एमआरएनए. पुढे मी तिला ‘संदेश’ म्हणेन. नक्कल काढण्याच्या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. संदेश केंद्रकाबाहेर येतो. तिथे रायबोझोम नावाची यंत्रं तो तीन-तीन अक्षरांनी वाचतात आणि प्रत्येक त्रिकुटासाठी ठरलेलं अमिनो आम्ल साखळीत जोडतात. ही क्रिया म्हणजे भाषांतरण, आणि तयार झालेली साखळी म्हणजे प्रथिन. तीन अक्षरांची ही लिपी उलगडण्यातल्या वाट्यासाठी हरगोविंद खुराना यांना १९६८ साली नोबेल मिळालं. रायबोझोमची बारीकसारीक रचना दाखवणाऱ्यांना ते २००९ मध्ये मिळालं. त्या तिघांपैकी वेंकटरामन रामकृष्णन यांचं पदवीपर्यंतचं शिक्षण बडोद्याचं.

सोलापुरी चादर जिथे विणली जाते तो जकार्ड माग ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे चटकन समजेल. नक्षीचा मूळ आराखडा मालकाच्या कपाटात असतो. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रं पाडतात. ती कार्डं मागावर चढली, की कोणता उभा धागा उचलायचा आणि कोणता नाही हे छिद्रं ठरवतात. इथे आराखडा म्हणजे डीएनए, कार्डांची माळ म्हणजे संदेश, माग म्हणजे रायबोझोम, सूत म्हणजे अमिनो आम्लं आणि चादर म्हणजे प्रथिन. एका बाबतीत मात्र हा दाखला कमी पडतो. कार्डांची माळ एका वेळी एकाच मागावर चढते. पेशीतल्या एकाच संदेशावर मात्र अनेक रायबोझोम एकामागोमाग एक चालत असतात.

वेगही थक्क करणारा आहे. आपल्या पेशीतला रायबोझोम सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्लं जोडतो. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, म्हणजे ती अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर तयार होते.

(जिवाणूंचे माग आपल्यापेक्षा थोडे वेगळ्या बनावटीचे असतात. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन घेतल्यावर जिवाणूचं काम ठप्प होतं आणि आपलं चालू राहतं, ते याच फरकामुळे.)

## उत्पादन थांबवायचं, तर कुठे?

समजा सूत संपत आलंय. मालकापुढे तीन मार्ग आहेत. आराखडा कपाटात बंद करून नवी कार्डं पाडणं थांबवायचं. पण आधी पाडलेली कार्डं मागांवर आहेतच, त्यामुळे विणकाम चालूच राहील. उंदराच्या पेशींवर २०११ साली झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात संदेशांचं अर्धं आयुष्य सरासरी नऊ तासांच्या घरात निघालं होतं. म्हणजे जनुक आत्ता बंद केलं तरी निम्मे संदेश नऊ तासांनीही शिल्लक राहणार. दुसरा मार्ग कार्डं फाडून टाकण्याचा. काम लगेच थांबेल, पण उद्या सूत आलं की पुन्हा पहिल्यापासून कार्डं पाडत बसा. तिसरा मार्ग, कार्डं जागच्या जागी ठेवून नवी चादर विणायला घ्यायचीच नाही. हे मिनिटांत होतं आणि मिनिटांत उलटवताही येतं.

पेशी तिन्ही मार्ग वापरते, पण घाईच्या वेळी तिसराच. त्यातही ती बहुतेकदा सुरुवातीलाच अडवते, अधेमधे नाही. अर्धवट विणलेली चादर निदान पायपुसणं म्हणून खपेल. अर्धवट प्रथिन पेशीत नुसतं निरुपयोगी नसतं, ते गुठळ्या करून उपद्रवही देतं. शिवाय एकेक अमिनो आम्ल जोडायला किमान चार उच्च-ऊर्जेचे फॉस्फेट बंध खर्ची पडतात. प्रथिनं बनवणं हे पेशीच्या सर्वांत खर्चिक कामांपैकी एक आहे.

आता सुरुवात होते कशी ते पाहू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. रायबोझोमचे दोन तुकडे असतात, लहान आणि मोठा. लहान तुकडा संदेशाच्या पुढच्या टोकाला चढतो आणि ‘इथून सुरू’ असं सांगणारं त्रिकूट सापडेपर्यंत सरकत जातो. या प्रवासात त्याच्यासोबत पहिलं अमिनो आम्ल घेऊन एक प्रथिन असतं: ईआयएफ-टू. त्याला आपण ‘आरंभक’ म्हणू. खूण सापडली की आरंभक बाजूला होतो, मोठा तुकडा येऊन बसतो आणि विणकाम सुरू होतं.

बाजूला झालेला आरंभक ऊर्जेच्या दृष्टीने रिकामा असतो. त्याला पुन्हा भरून देणारं वेगळं प्रथिन आहे, आणि त्याची संख्या पेशीत आरंभकापेक्षा बरीच कमी असते. खरी मेख इथे आहे. आरंभकावर एका ठरावीक जागी फॉस्फेटचा एक गट चिकटवला, की तो भरून घ्यायला जातो आणि भरणाऱ्यालाच घट्ट धरून बसतो. भरणारे मुळात थोडे, त्यामुळे थोड्याच आरंभकांवर फॉस्फेट चढलं तरी बाकीचे सगळे ताटकळतात. पेशीभर नवी विणाई मंदावते.

## हीम कमी आहे हे मागांना कळतं कसं?

हा फॉस्फेट चिकटवणारी चार प्रथिनं आपल्या पेशींत आहेत आणि प्रत्येक वेगळ्या संकटावर नजर ठेवून असतं. अमिनो आम्लांचा तुटवडा एकाला कळतो. विषाणूची चाहूल दुसऱ्याला लागते. चुकीच्या घड्या पडलेल्या प्रथिनांचा साठा तिसऱ्याच्या लक्षात येतो. चौथ्याचं नाव एचआरआय; ते लाल पेशींच्या पूर्वज पेशींत मुबलक असतं आणि ते हीमवर लक्ष ठेवतं. हीम भरपूर असेल तर ते एचआरआयला चिकटून त्याला गप्प ठेवतं. हीम घटलं की एचआरआय जागं होतं, आरंभकावर फॉस्फेट चढवतं आणि ग्लोबिनची विणाई थांबते.

याचा पहिला सुगावा सशाच्या रक्तातून लागला. सशाच्या अपक्व लाल पेशी फोडून काढलेला रस परीक्षानळीतही प्रथिनं बनवतो. त्यात हीम घातलं नाही, तर काही मिनिटं काम नीट चालतं आणि मग अचानक बंद पडतं. संदेश तेच, अमिनो आम्लं तीच, रायबोझोम तेच. केंद्रक तर त्या रसात नाहीच, म्हणजे जनुकांकडून काही आदेश येण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्या शरीरातही परिस्थिती बरीचशी तशीच आहे. अस्थिमज्जेत लाल पेशी परिपक्व होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. त्यानंतरही दोन-एक दिवस ती आधी साठवलेल्या संदेशांवरून हिमोग्लोबिन बनवत राहते. या काळात आराखड्याचं कपाटच घरात नसतं. नियंत्रण ठेवायचं तर ते मागावरच ठेवता येतं.

पण हे न थांबवल्यास नेमकं काय बिघडेल? त्याचं उत्तर २००१ साली मिळालं. अमेरिकेतल्या संशोधकांनी एचआरआय नसलेले उंदीर तयार केले. नेहमीच्या आहारावर ते जवळपास धडधाकट होते. मग त्यांना लोह कमी असलेला आहार दिला. साध्या उंदरांच्या पेशी अपेक्षेप्रमाणे लहान आणि फिकट झाल्या. एचआरआय नसलेल्यांच्या पेशी मात्र लहान-फिकट झाल्याच नाहीत. वरकरणी हे बरंच वाटेल. प्रत्यक्षात हीमविना उरलेलं ग्लोबिन त्या पेशींत गुठळ्या होऊन साचलं, पूर्वज पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि लाल पेशींची संख्याच घसरली.

म्हणजे रिपोर्टमधली ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’ पेशी ही बिघडलेली पेशी नव्हे. जेवढं हीम, तेवढंच ग्लोबिन, असा हिशेब सांभाळून लहान आकारात तगून राहिलेली ती पेशी आहे. आजार लोहाच्या कमतरतेचा आहे. लहान पेशी हा शरीराने त्यावर काढलेला मार्ग आहे. मला तरी हा फरक महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना ॲनिमिया आढळला. त्या सगळ्यांचं कारण लोह नाही, पण ज्यांचं आहे त्यांच्या अस्थिमज्जेत हा हिशेब रोज चालू असतो.

## मग एमसीव्ही कमी म्हणजे लोह कमी, असंच ना?

नाही, आणि ही शंका विचारायलाच हवी. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांचा एमसीव्हीही कमी असतो. तिथे लोह नव्हे तर ग्लोबिनच्या जनुकातच दोष असतो, म्हणजे आराखडा किंवा कार्डच सदोष. अशा व्यक्तीला तपासणी न करता महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या तर एमसीव्ही हलत नाही. म्हणून डॉक्टर लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी फेरिटिनची चाचणी आणि गरज पडल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी सांगतात.

आणखी एक तक्रार नेहमीची: ‘गोळ्या सुरू करून पंधरा दिवस झाले, एमसीव्ही आहे तिथेच.’ लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. लोह मिळाल्यावर एचआरआय शांत होतं आणि नव्या पेशी भरीव बनू लागतात. आठवडाभरात तरुण पेशींची संख्या वाढलेली दिसते. पण आधी बनलेल्या लहान पेशी रक्तात फिरतच असतात आणि सरासरीत त्याही धरल्या जातात. पेशी बदलतील तसा आकडा सावकाश वर सरकतो.

## फेरिटिन: एकाच कार्डाला लावलेला अडसर

आतापर्यंत पाहिलं ते सरसकट नियंत्रण, सगळे माग एकदम. पण पेशीला कधीकधी नेमकं एकच प्रथिन रोखायचं असतं. फेरिटिन हे त्याचं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण आहे आणि योगायोगाने त्याचाही आकडा रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये भेटतो.

फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं पोकळ प्रथिन. २४ तुकड्यांचा हा गोल आत सुमारे ४,५०० लोहाचे अणू साठवू शकतो. पेशीत लोह वाढलं की फेरिटिन वाढायला हवं आणि लोह कमी असताना ते बनवण्यात अर्थ नाही. १९७६ मध्ये एमआयटीतल्या हॅमिश मन्रो यांच्या गटाने उंदरांना लोह दिलं आणि त्याच वेळी नवे संदेश बनणं औषधाने बंद केलं. तरीही यकृतात फेरिटिनचं उत्पादन वाढलं. म्हणजे संदेश आधीपासून तयार होते, वापरात नव्हते इतकंच.

त्यांना कोण अडवून ठेवत होतं? फेरिटिनच्या संदेशाच्या सुरुवातीला, प्रथिनाची माहिती सुरू होण्याआधी, आरएनएची एक छोटी घडी असते. पेशीत लोह कमी असलं की एक प्रथिन येऊन या घडीला घट्ट धरतं. रायबोझोमचा लहान तुकडा तिथे चढूच शकत नाही. लोह वाढलं की ते प्रथिन घडी सोडतं आणि विणाई सुरू होते. गंमत अशी, की अशा पहारेकरी प्रथिनांपैकी एक लोह भरपूर असताना रिकामं बसत नाही. लोह आणि गंधकाचा एक गुच्छ पोटात घेऊन ते एन्झाइम म्हणून वेगळंच काम करतं. गुच्छ गेला, की ते पुन्हा पहारेकरी.

लोह पेशीत आत आणणाऱ्या प्रथिनाच्या संदेशावरही अशाच घड्या आहेत, पण त्या शेवटच्या टोकाला. तिथे तेच प्रथिन चिकटलं की संदेश अडत नाही, उलट नष्ट होण्यापासून वाचतो. म्हणून लोह कमी असताना एकाच प्रथिनामुळे साठवण थांबते आणि आवक वाढते. इतकी काटकसरीची रचना जीवशास्त्रातही रोज पाहायला मिळत नाही.

ही घडी किती महत्त्वाची आहे ते १९९५ मध्ये फ्रान्स आणि इटलीतल्या काही कुटुंबांत दिसलं. त्यांच्या फेरिटिनच्या एका तुकड्याच्या संदेशात नेमक्या या घडीत बदल होता. प्रथिन बिनचूक, फक्त अडसर निसटलेला. परिणामी फेरिटिन सतत बनत राहायचं, रक्तातला आकडा हजाराच्या वर, पण शरीरात लोह मात्र जास्त नव्हतं. तरुणपणीच मोतीबिंदू हे त्यांचं लक्षण. फेरिटिन वाढलेलं पाहून लोहाधिक्य समजून अशा रुग्णांचं रक्त वारंवार काढलं, तर लोह जास्त नसल्याने त्यांना उलट ॲनिमिया होतो. आजार दुर्मीळ आहे. पण फेरिटिनचा आकडा एकटा वाचू नये हे त्यावरून पटतं. सूज किंवा संसर्गातही तो चढतोच.

## संदेश मोजले म्हणजे प्रथिनं कळली नाहीत का?

जनुकांच्या चाचण्यांची जाहिरात वाचताना हा प्रश्न पडायला हवा. पेशीतले संदेश मोजणं आता स्वस्त आणि सोपं झालंय. पण कपाटावर पडून असलेलं कार्ड आणि मागावर चालू असलेलं कार्ड, मोजणीत दोन्ही सारखीच येतात. वर उल्लेख केलेल्या २०११ च्या अभ्यासात संदेशांच्या संख्येवरून प्रथिनांच्या प्रमाणातला सुमारे ४० टक्केच फरक समजावता आला आणि भाषांतरणाचा वाटा सर्वांत मोठा निघाला. यावर वाद झाला. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने मोजमापातल्या चुका दुरुस्त करून गणित मांडलं आणि प्रतिलेखनाचाच वाटा मोठा असल्याचं म्हटलं. माझ्या मते दोन्ही बाजूंचं थोडंथोडं खरं आहे. स्थिर, निवांत पेशीत आधी काढलेल्या संदेशांची संख्या बरंच काही सांगून जाते. परिस्थिती अचानक बदलते तेव्हा ती फसवते.

## सगळं थांबलं तर बचावाची प्रथिनं कोण बनवणार?

ही शंका रास्त आहे. आरंभक बंद, म्हणजे संकटाशी झुंजायला लागणारी प्रथिनंही बंद व्हायला हवीत. पण काही संदेश असे रचलेले आहेत की आरंभक तुटपुंजे असतानाच ते जोरात वाचले जातात. एटीएफ-फोर या प्रथिनाचा संदेश त्यांपैकी एक. त्यात खऱ्या सुरुवातीच्या आधी ‘इथून सुरू’ अशा दोन फसव्या जागा आहेत. पहिल्या जागी छोटासा तुकडा वाचून झाल्यावर रायबोझोमचा लहान भाग पुढे सरकत राहतो आणि नव्या आरंभकाची वाट बघतो. आरंभक मुबलक असतील तर तो लगेच मिळतो, दुसऱ्या फसव्या जागी वाचन सुरू होतं आणि खरी सुरुवात हुकते. आरंभक दुर्मीळ असतील तर तो उशिरा मिळतो. तोवर दुसरी फसवी जागा मागे पडलेली असते आणि वाचन खऱ्या जागी सुरू होतं. उशीर झाला म्हणूनच काम होतं. मानवी संदेशांपैकी जवळपास निम्म्यांत अशा छोट्या फसव्या सुरुवाती आहेत, त्यामुळे हा अपवादात्मक प्रकार म्हणता येणार नाही.

## विषाणू आणि लस

विषाणूकडे स्वतःचे माग नसतात, त्याला आपलेच बळकवावे लागतात. म्हणून पेशीचा एक बचाव म्हणजे सगळेच माग थांबवणं. विषाणूंमुळे पेशीत दुपदरी आरएनए तयार होतो. तो दिसताच पीकेआर नावाचं प्रथिन, वरच्या चौघांपैकी एक, आरंभकावर फॉस्फेट चढवतं. विषाणूही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. पोलिओचा विषाणू पेशीच्या संदेशांना रायबोझोमवर चढवणारं एक प्रथिन कापून टाकतो आणि स्वतःचा संदेश दुसऱ्या मार्गाने चढवतो. कोव्हिडच्या विषाणूचं एक प्रथिन तर रायबोझोमच्या लहान तुकड्यातल्या, संदेश जिथून सरकतो त्या खाचेतच बूच बसवतं.

एमआरएनए लस बनवणाऱ्यांपुढची अडचणही हीच होती. प्रयोगशाळेत बनवलेला संदेश पेशीत घातला की पेशी त्याला विषाणूचा समजून बावरायची. कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की संदेशातल्या काही अक्षरांचं रसायन थोडं बदललं तर हा गदारोळ शमतो. बदललेल्या संदेशापासून प्रथिनही जास्त बनतं, आणि त्याचं एक कारण पुढे सापडलं: असा संदेश पीकेआरला फारसा जागं करत नाही, म्हणून आरंभक मोकळे राहतात. २०२३ चं नोबेल या कामाला आहे. भारतातली पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवली आणि तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

‘एमआरएनए लस जनुकं बदलते’ ही भीती अजून ऐकू येते. लशीतला संदेश केंद्रकात जात नाही; तो बाहेर मागावरच वाचला जातो आणि काही दिवसांत विरतो. आराखड्याच्या कपाटाशी त्याचा संबंध येत नाही.

## बावीस अक्षरांचा हस्तक्षेप

२०२४ च्या नोबेलविषयी थोडक्यात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवर काम करत होते. १९९३ मध्ये त्यांना दिसलं की लिन-४ हे जनुक कोणतंच प्रथिन बनवत नाही. त्यातून जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनए निघतो. तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाच्या शेवटच्या भागाला चिकटतो आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाही. बरीच वर्षं हे कृमींपुरतंच मानलं गेलं. आज माणसांत असे शेकडो मायक्रोआरएनए माहीत आहेत. ते संदेशाचं वाचन मंदावतात आणि बरेचदा त्याला नष्टही करवतात, म्हणजे दुसरा आणि तिसरा मार्ग एकत्र.

## उपास, जेवण आणि ईस्टर बेटाची माती

अन्न मिळालं की माग जोरात चालावेत आणि उपाशीपोटी मंदावावेत, हे काम एमटॉर नावाचं प्रथिन पाहतं. त्याचा शोध लागला तो एका औषधामुळे. ईस्टर बेटावरून १९६४ च्या मोहिमेत आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल यांनी रॅपामायसिन वेगळं केलं. कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले, अशी हकीकत सांगितली जाते. १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि पुढे हृदयाच्या स्टेंटवर त्याचा लेप आला. हे औषध एमटॉरला आवरतं. एमटॉर आवरलं की संदेशाच्या पुढच्या टोकाला धरणारं प्रथिन काही प्रमाणात अडवलं जातं आणि वाढीच्या प्रथिनांची विणाई उतरते. दीर्घायुष्यासाठी हे औषध घ्यावं असं सांगणारे व्हिडिओ हल्ली फिरतात. ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, हे त्या व्हिडिओंत बहुधा घाईघाईने सांगून होतं.

## सिकलसेलसाठी एचआरआय?

विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला सिकलसेल हा घराघरातला शब्द आहे. जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू झालं. या आजारात प्रौढ हिमोग्लोबिनची बीटा साखळी सदोष असते. गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात ही साखळी नसतेच. म्हणून ते वाढवता आलं तर त्रास कमी होतो. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मुख्यतः त्यासाठीच देतात.

२०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी मानवी लाल पेशींच्या पूर्वजांत एकेक प्रथिन कमी करून पाहिलं, तेव्हा अनपेक्षितपणे एचआरआय पुढे आलं. ते घटवलं की गर्भातलं हिमोग्लोबिन वाढत होतं. तेव्हापासून एचआरआय रोखणारं औषध शोधण्याची कल्पना चर्चेत आहे. कल्पना मोहक आहे, कारण गोळी जनुकोपचारापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल आणि गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचेल. पण २००१ चे ते उंदीर विसरून चालणार नाही. एचआरआय नसणं त्यांना एरवी सोसलं, लोह कमी पडल्यावर नाही. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवतात त्यांच्यात लोह जास्त साचतं. ज्यांना चढवत नाहीत त्यांच्यात, विशेषतः पाळी येणाऱ्या मुलींत आणि गरोदर बायांत, ते कमीही असू शकतं. अशी गोळी कधी आली, तर ती लिहून देण्याआधी फेरिटिन पाहावं लागेल, आणि तेही एकटं नाही.